देणं लागणारा माणूस : मार्सेल मॉस

साहित्य-सिद्धान्ताच्या पेपरात मार्सेल मॉस हे नाव आपल्याला अर्ध्या ओळीत भेटतं. लेव्ही-स्ट्रॉस शिकवताना सांगितलं जातं की याच्या आधी मॉस नावाचा एक फ्रेंच अभ्यासक होता, त्याने भेटवस्तूंवर एक निबंध लिहिला. मग पान उलटतं. पाच मार्कांचाही प्रश्न त्यावर येत नाही. मी तो निबंध वाचायला घेतला तो त्यात महाभारत आहे असं कळलं म्हणून. माणूस पॅरिसचा, विषय पॅसिफिक महासागरातल्या बेटांचा, त्यात अनुशासनपर्व कुठून आलं? निबंध वाचून झाल्यावर मात्र त्या माणसाविषयीच कुतूहल वाटू लागलं. कुणी काही दिलं तर ते परत का करावंसं वाटतं, हा प्रश्न त्याने जगाला विचारला. आणि तो ज्या दिवसांत हे लिहीत होता, त्या दिवसांत त्याच्या स्वतःच्या डोक्यावर केवढं देणं होतं हे कळलं की निबंध वेगळाच वाटू लागतो. म्हणून आधी माणूस, मग निबंध.

मॉसचा जन्म १० मे १८७२ चा, फ्रान्सच्या पूर्वेकडच्या एपिनाल गावात. घर ज्यू. घरचा धंदा भरतकामाचा. आई रोझीन ही एमिल दुर्खीमची थोरली बहीण. हो, तोच दुर्खीम, ज्याला आधुनिक समाजशास्त्राचा एक संस्थापक मानतात. आजोबा मोईज दुर्खीम त्या भागाचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू. मॉसच्या जन्माच्या आदल्याच वर्षी युद्धात हरलेल्या फ्रान्सने आल्सास आणि लॉरेनचा काही भाग जर्मनीला दिला होता. एपिनाल फ्रान्समध्ये राहिलं, पण नवी सरहद्द फार लांब नव्हती. सरहद्द जवळ आली की घराघरांत काय होतं, हे बेळगावच्या वाचकाला मी वेगळं सांगायला नको.

मामा भाच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा. आपल्याकडे मामा म्हटलं की लाड आठवतात, पण हा मामा लाड करणाऱ्यांतला नव्हता. दुर्खीम बोर्दोच्या विद्यापीठात शिकवत होता. १८९० मध्ये भाचा तिथे त्याच्या देखरेखीखाली शिकायला गेला. धर्माचं आचरण मॉसने तरुणपणीच सोडलं, पण धर्म हा विषय काही त्याला जन्मभर सुटला नाही. १८९५ मध्ये तत्त्वज्ञानातली अवघड स्पर्धापरीक्षा पास झाला. मग कुठल्यातरी शाळेत मास्तरकी पत्करायची, तर हा पॅरिसला जाऊन संस्कृत शिकायला बसला. गुरू सिल्व्हँ लेव्ही, भारतविद्येतलं त्या काळातलं मोठं नाव. तिथेच त्याला हेन्री ह्युबेर भेटला. दोघे एकाच वर्षी जन्मलेले, आणि अशी जोडी जमली की लोक त्यांना जुळे म्हणत.

याच काळात मामाचं आत्महत्येवरचं प्रसिद्ध पुस्तक तयार होत होतं. ते १८९७ मध्ये आलं. त्यासाठी सुमारे २६,००० आत्महत्यांच्या सरकारी नोंदी वय, लिंग, विवाहित-अविवाहित, मुलं आहेत की नाहीत अशा हिशेबाने लावायच्या होत्या. हे काम एकट्या मॉसने केलं. कॉम्प्युटर सोडा, साधं गणकयंत्रही हाताशी नसताना पंचविशीच्या आतबाहेरचा मुलगा इतक्या मरणांचे कागद वेगवेगळे करत बसलाय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मामाने प्रस्तावनेत आभार मानले. पुस्तक मामाच्या नावावर राहिलं, आणि तसंच असायला हवं होतं. पण मॉसच्या आयुष्याची रीत इथेच ठरली असं मला वाटतं. तो दुसऱ्यांच्या पुस्तकांसाठी राबला, किंवा दुसऱ्यांबरोबर लिहिलं. यज्ञावरचा निबंध ह्युबेरबरोबर, १८९९ मध्ये. त्यात एका बाजूला वेदांतले यज्ञ आणि दुसऱ्या बाजूला बायबलच्या जुन्या करारातले बळी. जादूटोण्यावरचा निबंध पुन्हा ह्युबेरबरोबर. माणसं जगाची वर्गवारी कशी करतात यावरचा मामाबरोबर. एस्किमो लोकांच्या उन्हाळी आणि हिवाळी जगण्यावरचा हेन्री ब्योशाबरोबर. आणि दुर्खीमने १८९८ मध्ये काढलेल्या समाजशास्त्राच्या वार्षिकात शेकडो पुस्तकपरीक्षणं. स्वतःचं एकट्याचं पुस्तक म्हणून प्रार्थनेवर प्रबंध लिहायला घेतला. त्याचा पहिला भाग १९०९ मध्ये छापून झाला, आणि मॉसने तो वाटायच्या आधीच मागे घेतला. तो प्रबंध कधीच पूर्ण झाला नाही.

मामा यावरून पत्रांत त्याला फैलावर घ्यायचा. वेळ पाळत नाही, पैसा टिकवत नाही, नको त्या भानगडींत पडतो. भानगडी म्हणजे समाजवाद आणि सहकार. जाँ जोरेसने १९०४ मध्ये 'ल्युमानिते' हे दैनिक काढलं, तेव्हा मॉस पहिल्यापासून त्यात होता आणि सहकारी संस्थांवर लिहायचा. पॅरिसमध्ये मित्रांबरोबर त्याने एक सहकारी बेकरीही काढून पाहिली. ती बुडाली, आणि याचे पैसेही बुडाले. पुढे जगाला देवाणघेवाण समजावून सांगणाऱ्या माणसाला पावाचं दुकान चालवता आलं नाही, याचं मला हसूही येतं आणि बरंही वाटतं. निदान त्याने पिठात हात घालून पाहिला होता. आपले अर्थशास्त्राचे किती प्राध्यापक तसं करतात?

नोकरी त्याला १९०१ मध्ये पॅरिसच्या उच्च अभ्यास संस्थेत लागली. अध्यासनाचं नाव होतं असंस्कृत लोकांचे धर्म. पहिल्याच व्याख्यानात त्याने त्या नावावरच आक्षेप घेतला. असंस्कृत असे लोक जगात नाहीतच, वेगवेगळ्या संस्कृतींचे लोक आहेत, असं त्याचं म्हणणं. साम्राज्यांच्या ऐन भरात, सरकारी पगारावर, पहिल्या दिवशी हे बोलायला छाती लागते.

मग १९१४ आलं.

मॉस तेव्हा ४२ वर्षांचा. वयामुळे आघाडीवर जायची सक्ती नव्हती, तरी स्वेच्छेने सैन्यात दाखल झाला आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन तुकड्यांबरोबर दुभाष्या म्हणून राहिला. खंदकांतल्या त्या दिवसांतली एक गोष्ट त्याने पुढे एका व्याख्यानात सांगितली. इंग्रज शिपायांना फ्रेंच फावड्यांनी खणताच येईना. एका तुकडीच्या जागी दुसरी आली की दर डिव्हिजनमागे ८,००० फावडी बदलावी लागत. त्यातून त्याने दाखवून दिलं की खणणं, चालणं, पोहणं हे आपण शरीराचं नैसर्गिक काम समजतो, पण तेसुद्धा समाज शिकवतो. तोफा धडाडत असताना माणूस फावड्यांकडे बघतोय! असा होता तो.

पण त्या चार वर्षांनी त्याच्याभोवतीची माणसं नेली. एस्किमोंच्या निबंधातला जोडीदार ब्योशा १९१४ मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमेवर बर्फात गेला. मग युद्धात माक्सिम दाव्हिद, आंतोआन ब्यांकोनी, जाँ रेनिए, सगळे त्या वार्षिकाच्या गटातले. १३ एप्रिल १९१५ ला रोबेर हेर्ट्झ मारला गेला, जेमतेम तेहेतीस वर्षांचा. मृतांची क्रियाकर्मं आणि उजव्या हाताचं श्रेष्ठत्व यांवरचे त्याचे निबंध आजही वाचले जातात. त्याच वर्षाच्या शेवटी दुर्खीमचा मुलगा आंद्रे बाल्कन आघाडीवर गेला. तो मॉसचा मामेभाऊ आणि लाडका विद्यार्थीही. मुलाच्या मरणातून मामा सावरलाच नाही. १५ नोव्हेंबर १९१७ ला वयाच्या ५९ व्या वर्षी दुर्खीमही गेला.

मॉस परत आला तेव्हा घरात आणि टेबलावर काय उरलं होतं? मामाचे हस्तलिखितांचे गठ्ठे, हेर्ट्झच्या अर्धवट प्रबंधाची टिपणं, इतरांचे कागद. आणि बंद पडलेलं वार्षिक.

आता त्या प्रसिद्ध निबंधाकडे येते. वार्षिकाची नवी मालिका मॉसने खटपट करून सुरू केली आणि तिचा पहिला खंड १९२५ मध्ये बाहेर पडला. त्याचा क्रम बघा. सुरुवातीला श्रद्धांजली : दुर्खीम आणि गेलेले सहकारी काय काय अपुरं ठेवून गेले, याचा मॉसने लिहिलेला हिशेब. ती संपते आणि लगेच पुढच्या पानावर सुरू होतो दानावरचा निबंध. आधी गेलेल्यांनी काय दिलं त्याची यादी, आणि तिला लागून हा प्रश्न की मिळालेली वस्तू परत करायला माणसाला कोणती शक्ती भाग पाडते. स्वतंत्र पुस्तक म्हणून निबंध वाचणाऱ्याला ही शेजारची पानं दिसत नाहीत. मला ती कळली आणि निबंधाचा सूरच बदलला.

निबंधाचा गाभा सोपा आहे. बाजार आणि पैसा यांच्या आधी, किंवा त्यांच्या जोडीने, माणसं वस्तूंची देवघेव भेटींच्या रूपात करत आली आहेत. वरवर ती भेट खुशीची असते, आत सक्ती असते. तीन सक्त्या : द्यायलाच हवं, दिलेलं घ्यायलाच हवं, आणि घेतलेलं फेडायलाच हवं. यातली एक जरी मोडली तरी संबंध तुटतो, कधी भांडणं होतात.

उदाहरणं त्याने जगभरातून आणली. न्यू गिनीच्या पूर्वेकडची ट्रॉब्रिआंड बेटं मालिनोव्स्कीने १९२२ च्या पुस्तकात गाजवली होती. तिथे लोक होड्यांतून समुद्र ओलांडून लाल शिंपल्यांच्या माळा आणि पांढऱ्या शंखांची कडी एकमेकांना देतात. माळा बेटांच्या वर्तुळात घड्याळाच्या दिशेने फिरतात, कडी उलट्या दिशेने. कुणी ती कायमची ठेवून घेत नाही. ठेवली तर नाव जातं. याला कुला म्हणतात. घासाघीस करून चालणारा साधा व्यापारही तिथे आहे, पण त्याचं नाव वेगळं, आणि कुलात जो घासाघीस करतो त्याची टर उडवतात. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पॉटलॅच. तिथले सरदार प्रतिस्पर्ध्याला मेजवानीला बोलावतात आणि इतकं वाटतात, प्रसंगी घोंगड्या आणि माशांचं तेल जाळतात, तांब्याच्या मौल्यवान पाट्या फोडतात, की समोरच्याला तेवढं परत करता आलं नाही तर त्याची मानच खाली जाते. कॅनडाच्या सरकारने १८८५ पासून १९५१ पर्यंत कायद्याने पॉटलॅच बंद ठेवला होता. सरकारला कर चुकवणारा समजतो, पण उधळून प्रतिष्ठा मिळवणारा समजत नाही. आणि न्यूझीलंडच्या माओरींमध्ये हाऊ ही कल्पना. दिलेल्या वस्तूत देणाऱ्याचा काही अंश राहतो आणि त्याला मूळ घरी परतायची ओढ असते.

हे वाचताना मला आमच्या गल्लीतले डबे आठवले. दिवाळीला शेजारच्या काकूंकडून फराळाचं ताट येतं, नाताळला आमच्याकडून नेवऱ्या, कुलकुल आणि दोदोल जातो. ताट कधी रिकामं परत जात नाही. घरात काहीच नसेल तर आई त्यात चमचाभर साखर घालते. साखर का, असं विचारलं तर ती म्हणेल की रिकामं भांडं देऊ नये, बस. लग्नातली आहेराची वही आठवा : कुणी किती दिले ते लिहून ठेवायचं, म्हणजे त्यांच्याकडच्या कार्याला त्याहून कमी जाणार नाही. हल्ली पत्रिकेवर आहेर आणू नये असं छापतात, तरी परतीचा आहेर घेऊन यजमान दारात उभेच. एपिनालच्या माणसाला ही वही मिळाली असती तर त्याने एक प्रकरण वाढवलं असतं, अशी माझी खात्री आहे.

वहीऐवजी त्याला महाभारत मिळालं. सिल्व्हँ लेव्हीकडे शिकलेलं संस्कृत इथे कामी आलं. सगळं महाभारतच त्याला एक अवाढव्य पॉटलॅच वाटतं. कौरव-पांडवांचा द्यूत आठवा, ते पटतं. पण त्याचा जास्त भर अनुशासनपर्वातल्या दानधर्मावर आहे. नृगराजाची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. एका ब्राह्मणाची गाय चुकून राजाच्या कळपात आली, राजाने नकळत ती दुसऱ्याला दान दिली, आणि एवढ्या चुकीपायी तो सरडा होऊन विहिरीत पडला. मॉस यातून दाखवतो की वस्तू आणि मालक यांची गाठ इतकी घट्ट मानली होती की ती चुकीच्या हाती जाणं हे नुसतं नुकसान नव्हतं, पाप होतं. दुसरी गोष्ट दुष्काळातल्या सप्तर्षींची. पोटात अन्न नाही, राजा वृषादर्भी दान देऊ करतोय, आणि ऋषी नाकारतात. कारण राजाचं दान सुरुवातीला मध आणि शेवटी विष. घेणाऱ्याला देणाऱ्याचं ओझं उचलावं लागतं. मॉसने त्याच सुमाराला जर्मन भाषेतल्या एका शब्दावर छोटा लेख लिहिला होता : गिफ्ट. जुन्या जर्मन भाषांत या एकाच शब्दाला भेट आणि विष असे दोन्ही अर्थ होते, आजच्या जर्मनमध्ये फक्त विष उरलंय.

तिसरी गोष्ट आमच्या आजोळच्या, म्हणजे गोव्याच्या लोकांसाठी. अनुशासनपर्वात भूमी जमदग्निपुत्र रामाशी बोलते, मला घे, मला देऊन टाक, अशा अर्थाचं काही सांगते. आणि ते ऐकून परशुराम सगळी पृथ्वी कश्यपाला देऊन टाकतो. मॉसची गोष्ट इथे थांबते. आपल्याला पुढचीही माहीत आहे. दान दिलेल्या जमिनीवर राहता येईना म्हणून परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण काढलं. बाणावली गावाचं नावही लोक त्याच बाणाशी जोडतात. म्हणजे एकदा दिलेली वस्तू पुन्हा वापरायची नाही, या नियमापायी एक अख्खा किनारा तयार झाला, निदान कथेत तरी.

इथे एक अडचण आहे, आणि ती मॉसच्या सिद्धान्ताच्या मुळावर येते. आपल्याकडच्या शास्त्रातलं खरं दान फेडीची अपेक्षा ठेवत नाही, उलट ते परत येऊच नये असं मानलं जातं. मग तिसऱ्या सक्तीचं काय? मॉसला ही विसंगती जाणवली होती, पण तो तिच्याशी फार भिडला नाही. ते काम बऱ्याच वर्षांनी जोनाथन पॅरीने केलं. बनारसच्या घाटांवरचे पुरोहित दानाबरोबर दात्याचं पापही पदरात घेतात आणि त्याखाली दबतात, हे त्याने तिथे राहून पाहिलं आणि १९८६ मध्ये त्यावर निबंध लिहिला. मला पॅरीचं पटतं. दान आणि आहेर यांना एकाच तराजूत घालता येत नाही.

मात्र मराठी भाषा मॉसच्या बाजूने साक्ष देते. देणं हा आपला एकच शब्द पाहा. देणं म्हणजे देण्याची क्रिया. देणं म्हणजे देवाने दिलेला गुण. आणि देणं म्हणजे कर्ज, जे डोक्यावर असतं, जे वाण्याचं थकतं. भेट आणि कर्ज एकाच शब्दात आपण कधीपासून ठेवून दिलंय आणि रोज वापरताना लक्षातही येत नाही. शिवाय आपण समाजाचं देणं लागतो, असं प्रत्येक सत्कारसमारंभात कुणी ना कुणी म्हणतंच. मॉसच्या निबंधाचा शेवटचा भाग जवळजवळ हेच सांगतो. कामगाराने आयुष्य आणि श्रम दिले. पगार देऊन मालक मोकळा होत नाही, समाजही मोकळा होत नाही. आजारपण, बेकारी, म्हातारपण यांत त्याला सांभाळणं ही दया नाही, ती फेड आहे. फ्रान्समध्ये तेव्हा सामाजिक विम्याच्या कायद्याची चर्चा चालू होती आणि मॉस त्याच्या बाजूने होता. रशियातल्या बोल्शेविकांवर मात्र त्याने त्याच काळात टीका केली. बाजार हुकुमाने बंद करता येत नाही, असं त्याचं मत होतं. बेकरी बुडालेल्या माणसाचं मत, म्हणून मी ते जास्त गंभीरपणे घेते.

दयेविषयी तो कडक बोलतो. जे दान फेडता येत नाही ते घेणाऱ्याला खाली ढकलतं. अरबी सदका आणि हिब्रू त्सेदाका या शब्दांचा मूळ अर्थ न्याय होता, पुढे तो भीक असा झाला, हेही रब्बीचा हा नातू जाता जाता नोंदवतो. निबंधाच्या १९९० च्या इंग्रजी भाषांतराला मेरी डग्लसची प्रस्तावना आहे. ती मानववंशशास्त्रज्ञ होती, माणसं वस्तू विकत घेऊन एकमेकांना काय सांगत असतात यावर तिने लिहिलं, आणि ती कॅथलिक होती. फुकटची भेट नावाची गोष्टच नसते, हा तिच्या प्रस्तावनेचा रोख. एका कॅथलिक बाईने हे लिहावं, यावर मी बरेच दिवस विचार करत होते. दानधर्म हा आपल्या घरात सद्गुण म्हणून शिकवला जातो. पण मी शाळेत असताना एका वह्यावाटपाला गेले होते. प्रत्येक मुलाला वह्या हातात धरून पाहुण्यांबरोबर फोटोसाठी उभं करत होते. एक मुलगा वह्या छातीशी धरून नुसता जमिनीकडे बघत होता. त्याला विचारलं असतं तर त्याने मॉसचा शेवटचा भाग दोन वाक्यांत सांगितला असता. डाव्या हाताला उजव्याचं दान कळू नये, ही शुभवर्तमानातली शिकवण मी आजवर देणाऱ्याच्या नम्रतेसाठी आहे असं समजत होते. आता वाटतं की ती घेणाऱ्याला वाचवण्यासाठी असेल.

सगळंच पटलं असं नाही. मॉस आरामखुर्चीतला अभ्यासक होता. १९३० मधला मोरोक्कोचा छोटा प्रवास सोडला तर परमुलखातल्या लोकांत राहून त्याने अभ्यास केला नाही. माओरींच्या हाऊचा अर्थ त्याने नको तेवढा गूढ केला, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं. आणि मला सगळ्यात खटकतं ते हे की त्याच्या जगात देवघेव करतात ते बहुतेक पुरुष. ॲनेट वाइनर १९७० च्या दशकात त्याच ट्रॉब्रिआंड बेटांवर गेली तेव्हा तिला दिसलं की कुणी मेल्यानंतर तिथल्या बायका केळीच्या पानांच्या जुड्या आणि घागऱ्यांची मोठी वाटणी करतात, आणि ती संपत्ती बायकांची असते. मालिनोव्स्कीने तिला महत्त्व दिलं नव्हतं, म्हणून मॉसच्या निबंधातही ती नाही. ताटात साखर घालणारी माझी आईही त्यात नाही.

१९२५ मध्येच पॅरिस विद्यापीठात मानववंशशास्त्राची संस्था निघाली. ती काढणाऱ्या तिघांत मॉस होता. त्याच्या वर्गात जे बसले त्यांची नावं बघितली की थक्क व्हायला होतं : मिशेल लेरिस, मार्सेल ग्रिओल, जेर्मेन तिलिओं, देनीझ पोल्म. आणि लुई द्युमाँ, ज्याने पुढे भारतातल्या जातिव्यवस्थेवर १९६६ चं ते वादग्रस्त पुस्तक लिहिलं. मॉस टिपणांशिवाय बोलायचा, एका विषयातून दुसऱ्यात उडी मारायचा, आणि डोक्यातलं सगळं असं वर्गात वाटून टाकायचा. स्वतःचं लिखाण मागे पडत गेलं ते पडलंच. गेलेल्यांचं मात्र मार्गी लागत होतं. १९२७ मध्ये ह्युबेर गेला, म्हणजे जुळ्यांतला दुसरा. त्याच वर्षी वार्षिकाचा दुसरा खंड अर्धाच छापून बंद पडला. १९२८ मध्ये मॉसच्या हातून दोन पुस्तकं बाहेर आली, मामाचं समाजवादावरचं आणि हेर्ट्झच्या निबंधांचा संग्रह. १९३२ मध्ये ह्युबेरचं केल्ट लोकांवरचं. प्रार्थनेचा प्रबंध तिथेच. हे सगळं करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मेलेली माणसं काही हिशेब मागायला येत नाहीत. चरित्रकार याला आळस म्हणोत की मामाचा धाक. मला त्याच्याच निबंधातली तिसरी सक्ती दिसते. ती त्याला महाग पडली, असंही मला वाटतं. प्रार्थनेवरचं ते पुस्तक मला वाचायला हवं होतं.

कॉलेज द फ्रान्समध्ये त्याची निवड १९३० मध्ये झाली. १९३४ मध्ये, ६२ व्या वर्षी, त्याने लग्न केलं. ती आधी त्याची सेक्रेटरी होती.

१९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं. ज्यूंवरच्या कायद्यांची चाहूल लागताच मॉसने पदं सोडली, म्हणजे आपल्यामुळे संस्थांना त्रास नको. १९४२ मध्ये कोटावर पिवळा तारा लावायची सक्ती झाली. त्याने तो लावला. त्याच वर्षी त्याचं घर जर्मनांनी ताब्यात घेतलं आणि सत्तरीच्या मॉसला बायकोसह एका लहान, थंड जागेत जावं लागलं. पुस्तकं मित्रांनी आणि विद्यार्थ्यांनी मानव-संग्रहालयात हलवली. त्या संग्रहालयातल्या माणसांनी गुप्त प्रतिकारगट उभारला होता. बोरिस व्हिल्दे आणि आनातोल लेव्हित्स्की यांना २३ फेब्रुवारी १९४२ ला गोळ्या घातल्या. दुर्खीमच्या गटातला मोरिस हाल्ब्वाक्स १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या छावणीत मेला. मॉसची विद्यार्थिनी देबोरा लिफ्शित्झ आउशवित्झमध्ये मारली गेली. तिलिओंला राव्हेन्सब्रुकच्या छावणीत नेलं. ती जगून परत आली.

पॅरिस सुटलं तेव्हा मॉस जिवंत होता, पण स्मरणशक्ती जात चालली होती. भेटायला आलेल्यांना तो हळूहळू ओळखेनासा झाला. या वेळी गेलेल्यांसाठी त्याने काही लिहिलं नाही. देनीझ पोल्मने वर्गात उतरवून घेतलेल्या टिपणांवरून १९४७ मध्ये त्याचं पाठ्यपुस्तक तयार केलं. १० फेब्रुवारी १९५० ला तो गेला. त्याच वर्षी त्याचे विखुरलेले निबंध एका जाड खंडात आले, त्यात दानावरचाही होता. प्रस्तावना क्लोद लेव्ही-स्ट्रॉसने लिहिली, जो मॉसच्या वर्गात कधी बसला नव्हता.